जुन्या व्हीएचएस कॅसेटमधून एफएम केंद्रांच्या टीव्ही जाहिराती कशा शोधाव्यात आणि जपाव्यात

२००२ साली मुंबईत रेडिओ सिटी, रेडिओ मिर्ची, रेड एफएम, गो ९२.५ आणि विन ९४.६ ही खासगी एफएम केंद्रे थोड्याच अंतराने सुरू झाली आणि श्रोत्यांच्या मनावर आपापला आकडा ठसवण्यासाठी त्यांना दूरचित्रवाणीचा आधार घ्यावा लागला. ज्यांचे तरुणपण त्या काळात गेले त्यांना मालिकेच्या मध्यंतरात पडदाभर उमटणारा तो आकडा आणि त्यामागची जिंगल आजही आठवते. मात्र केंद्रांनी किंवा वाहिन्यांनी या जाहिराती जपून ठेवल्या असतील असे गृहीत धरू नये. त्या सापडण्याची खरी शक्यता घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या व्हीएचएस कॅसेटांमध्येच आहे.

शोध सुरू करताना लेबलाला भुलू नये. काळजीपूर्वक ध्वनिचित्रमुद्रण करणारी माणसे जाहिराती लागताच ‘पॉज’ दाबत असत, त्यामुळे सुबक अक्षरात मालिकेचे नाव आणि भाग क्रमांक लिहिलेल्या कॅसेटमध्ये आपल्या उपयोगाचे फारसे काही मिळत नाही. टायमर लावून घरातले सगळे बाहेर गेले असताना टिपलेले क्रिकेटचे सामने, पुरस्कार सोहळे, रात्री उशिराचे चित्रपट आणि विशेषतः कार्यक्रम संपल्यावरही बंद न केल्यामुळे कॅसेटच्या शेवटी उरलेली दहा-पंधरा मिनिटे आधी तपासावीत, कारण या कामात निष्काळजी माणसाचे उपकार मोठे असतात. एका शहरापुरत्या केंद्राला देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर पैसे खर्च करणे सहसा परवडण्यासारखे नसते, म्हणून केबलचालकांच्या स्वतःच्या चित्रपट-वाहिन्यांवरून टिपलेल्या कॅसेटांकडेही दुर्लक्ष करू नये. परदेशातील नातेवाइकांसाठी मराठी मालिका टिपून पाठवण्याची पद्धत अनेक कुटुंबांत होती, तेव्हा आखातातील किंवा अमेरिकेतील आप्तांकडेही चौकशी करावी. अमेरिकेतील व्हीसीआर एनटीएससी या वेगळ्या चित्रपद्धतीचे असल्यामुळे आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅसेटी तेथे केवळ दोन्ही पद्धती चालवणाऱ्या मल्टिसिस्टिम व्हीसीआरवरच दिसतात, हे त्यांना आधीच कळवलेले बरे. ज्यांनी संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवले होते त्यांच्या जुन्या सीडींमध्येही अशा मुद्रणाच्या फाइली असू शकतात.

कॅसेट हाती आली की ती लगेच यंत्रात घालू नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यास रिळाच्या कडेवर पांढुरकी जाळी किंवा ठिपके दिसतात. अशी कॅसेट एकदा जरी चालवली तरी बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात वेगळी ठेवावी आणि जाणकार तंत्रज्ञाकडूनच साफ करून घ्यावी. निरोगी दिसणारी कॅसेटही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून राहिलेले थर मोकळे होतात. पुनर्मुद्रण चुकून होऊ नये यासाठी मागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडून टाकावी.

यंत्र मिळवणे हा यातला सर्वांत कठीण भाग आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी असलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि तेव्हापासून जगभर केवळ वापरलेली यंत्रेच उरली आहेत. फीत आणखी काही वर्षे तग धरेल, पण ती चालवणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर त्याआधी नाहीसा होईल असे मला वाटते, म्हणून हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नये. जुन्या बाजारातून यंत्र घेताना बिनमहत्त्वाची कॅसेट सोबत न्यावी, चित्र स्थिर राहते का ते पाहावे आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्यावेत. हे काम स्वतः करायचे असल्यास कापसाचा बोळा वापरू नये, कारण त्याचे तंतू अडकतात. लेदरचा किंवा तंतू न सुटणारा तुकडा वापरावा.

व्हीसीआरची पिवळी, लाल आणि पांढरी केबल चित्र-आवाज संगणकात उतरवणाऱ्या यूएसबी कॅप्चर उपकरणाला जोडावी. एस-व्हिडिओची सोय असेल तर पिवळ्या केबलऐवजी तीच घ्यावी. सॉफ्टवेअरमध्ये पाल, ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम ही मांडणी निवडावी, चित्र मुळातल्याप्रमाणे इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या) स्वरूपातच साठवावे आणि एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारखे गुणवत्ता न घटवणारे स्वरूप ठेवावे. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, पण मूळ प्रत एकदाच बनणार असल्यामुळे येथे काटकसर करू नये. लोकांना पाठवायची छोटी एमपी४ प्रत नंतर केव्हाही काढता येते. रेडिओच्या जाहिरातीचा जीव तिच्या आवाजात असतो, तेव्हा जिंगल फाटत नाही ना हे हेडफोन लावून सुरुवातीलाच तपासावे आणि आवाजाची पातळी थोडी कमीच ठेवावी.

यानंतरचा माझा आग्रह असा की जाहिरात एकटी कापून ठेवू नये. आधीच्या साबणापासून पुढच्या मालिकेच्या शीर्षकगीतापर्यंत संपूर्ण मध्यंतर जपावे, कारण तिचा काळ ठरवण्याचे पुरावे तिच्या आजूबाजूलाच असतात. कोपऱ्यात अल्फा मराठीचे बोधचिन्ह असेल तर मुद्रण २००५ मध्ये ती वाहिनी झी मराठी होण्यापूर्वीचे ठरते. मुंबईचे दूरध्वनी क्रमांक सात अंकांवरून आठ अंकी झाले तेही २००२ मध्येच, त्यामुळे एखाद्या स्पर्धेच्या जाहिरातीत सात अंकी क्रमांक दिसला तर ती खासगी केंद्रांच्या अगदी पहिल्या महिन्यांतील मानता येते. एसएमएससाठीचे चार अंकी क्रमांक पुढे आधी ५ लागून पाच अंकी झाले, हाही एक उपयोगी धागा आहे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र खुद्द कंपनसंख्येचा असतो. खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात मुंबईतील केंद्रे ०.८ मेगाहर्ट्झच्या पटीतील अंतरांवर मांडली गेली. ९१.१, ९२.७, ९३.५ आणि ९४.३ हे आकडे पाहिले की ती रचना स्पष्ट होते. तीत ९२.५ ला जागा उरली नाही, म्हणून गो ९२.५ चे रेडिओ वन झालेले केंद्र ९४.३ वर गेले, विन ९४.६ तर त्याआधीच बंद पडले होते. म्हणजे ‘विन’ दिसले तर पहिला टप्पा, आणि ९२.७ दिसले तर बिग एफएमच्या आगमनाचे २००६ हे वर्ष किंवा त्यानंतरचा काळ समजावा.

फाइलच्या नावात केंद्र, वाहिनी, अंदाजे वर्ष आणि कॅसेटचा क्रमांक लिहावा, आणि अंदाजाचा आधार सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदवावा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. इंटरनेटवर टाकण्यापूर्वी मात्र विचार करावा, कारण भारतीय कायद्यात चित्रफितीचे स्वामित्व प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. त्यावर उत्पन्न घेऊ नये, आणि मालकाने हरकत घेतल्यास सार्वजनिक प्रत मुकाट्याने काढून मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.