हॅवलॉक की नील? इंदूरहून निघणाऱ्या दोघांसाठी निवडीची रीत

अंदमानला जायचे नक्की झाले की विमानाच्या तिकिटांपाठोपाठ हॅवलॉकला राहावे की नीलला, हा प्रश्न येतो. दोन्ही बेटे पोर्ट ब्लेअरपासून बोटीने दीड ते अडीच तासांवर आहेत आणि एकमेकांना जवळची आहेत. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामकरण झाले, तर सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. बोलण्यात अजून जुनीच नावे चालतात, पण तिकिटे काढताना नवी नावे समोर येतात, म्हणून दोन्ही माहीत असलेली बरी. सहल ठरवून देणारे बहुधा हॅवलॉकला दोन रात्री आणि नीलला एक रात्र असा आराखडा पुढे करतात. शांतता आणि काटकसर ही दोन्ही ज्यांना मनापासून हवी आहेत, त्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून एकच बेट निवडावे आणि तिथे सलग चार रात्री राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या आग्रहामागे आमचा अनुभव आहे. पहिल्या खेपेला आम्ही दोघे पाच रात्रींत तीन ठिकाणी उतरलो. बेट बदलायचे म्हणजे सकाळी खोली सोडायची, बोटीच्या तासभर आधी धक्का गाठायचा, उन्हात रांगेत उभे राहायचे आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा रिक्षा शोधून खोली ताब्यात मिळेपर्यंत सामानाजवळ बसायचे. इतक्यात अर्धा दिवस संपतो आणि दोन बोटभाडी व दोन रिक्षाभाडी वर पडतात. दुसऱ्या खेपेला आम्ही फक्त नीलला राहिलो आणि तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या काकूंनी न विचारता आमच्यासाठी दोन शहाळी बाजूला काढून ठेवली. अशी ओळख होण्यासाठी एका जागी राहावे लागते.

आता खर्चाचे. कागदावर दोन रकाने आखण्यापूर्वी दोन्ही बेटांसाठी सारखाच असणारा खर्च वेगळा काढावा. इंदूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नसल्यामुळे कोलकाता, चेन्नई, हैदराबाद किंवा बंगळुरूला विमान बदलावे लागते. शिप्रा एक्सप्रेसने हावडा गाठून तिथून विमान धरल्यास पैसे वाचतात, पण जाताना व येताना प्रत्येकी दीड दिवस गाडीत जातो, तेव्हा ज्यांच्याकडे दहा-बारा दिवसांची रजा आहे त्यांनीच हा मार्ग धरावा. कोलकाता, चेन्नई व विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजेही जातात. मात्र त्यांना तीन-चार दिवस लागतात. पोर्ट ब्लेअरहून पुढे सरकारी बोटीचे भाडे खासगी बोटीच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी असते. तिची तिकिटे प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात व लवकर संपतात, म्हणून त्या दिवसावर लक्ष ठेवावे.

खरा फरक बेटावर उतरल्यावर सुरू होतो. हॅवलॉकचे क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस किलोमीटर आहे, तर नीलचे जेमतेम १४. हॅवलॉकचा धक्का एका टोकाला आणि ज्याच्यासाठी लोक तिथे जातात तो राधानगरचा किनारा तिथून सुमारे १२ किलोमीटरवर, चढउतारांच्या रस्त्याने. त्यामुळे रोज भाड्याची स्कूटी किंवा रिक्षा लागते. बस आहे, पण तिच्या वेळा सांभाळाव्या लागतात. नीलला भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे, लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटरवर आणि सीतापूर पाचेक किलोमीटरवर, तेही बहुतांशी सपाट रस्त्याने. दिवसाच्या भाड्याने घेतलेल्या दोन सायकलींवर सारे बेट पालथे घालता येते. चार दिवसांच्या प्रवासखर्चाची बेरीज मांडून पाहिली, तर खोल्यांच्या दरांतील फरकापेक्षा हा फरक अनेकदा मोठा निघतो.

दुसरा विचार उजेडाचा करावा, कारण तो इंदूरकरांच्या सवयींच्या अगदी उलट आहे. अंदमान इंदूरच्या पूर्वेला सुमारे १७ अंश रेखांशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपल्यापुढे एक तास आठ मिनिटे, आणि घड्याळ मात्र एकच. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच ते साडेपाचच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि लगेच काळोख होतो. राधानगरचा सूर्यास्त पाहून मुक्काम धक्क्याच्या बाजूला असेल, तर जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने काळोखात परतावे लागते. लक्ष्मणपूरहून तेच दृश्य पाहून दोघांनी पायी गप्पा मारत वीस-पंचवीस मिनिटांत नीलच्या बाजारात यावे, इतके अंतर आहे. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकरानंतर खायला निघणाऱ्या आपल्या शहराच्या माणसाला रात्री आठ-नऊला शांत झालेला बाजार पहिल्या दिवशी चुकल्यासारखा वाटतो. मग रात्री लवकर झोपून पहाटे पाचला किनाऱ्यावर जावे. त्या वेळी सीतापूरला उगवत्या सूर्यासमोर बहुधा आपण दोघेच असतो.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची आहे आणि ती ठरवण्यासाठी घरातील भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी फारसे मागे हटत नाही. नीलचे किनारे उथळ असल्यामुळे हा फरक तिथे डोळ्यांत भरतो. ओहोटीच्या वेळी भरतपूरचे हिरवट-निळे पाणी दूर जाते आणि पोहायला आलेल्या माणसाच्या पायाखाली प्रवाळाचे टोकदार तुकडे येतात. याउलट लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल, ज्याला तेथील बंगाली रहिवासी हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीतच गाठता येतो. उधाणाच्या दिवसांत गेलात तर खडकांमधील डबकी निवांत पाहता येतात. आम्ही एका हातभर रुंद डबक्याशी वाकून बसलो होतो. आधी त्यात काहीच दिसेना; नंतर एक दगड हलल्यासारखा वाटला तो खेकडा निघाला, आणि त्याच्यामागून बोटाएवढा निळा मासा बाहेर आला. पोहण्याची आवड अधिक असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून रोज सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी ती विचारून घ्यावी. रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट इंदूरहूनच न्यावेत. प्रवाळ व शंख उचलून आणण्यास मनाई आहे. कुतूहल म्हणूनही पिशवीत काही टाकू नये.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींना नीलची काळजी वाटते, ती अनाठायी आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेले हे बेट शेतीचे आहे आणि तेथील भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. बाजारातील साध्या खाणावळीत भात, वरण व ताज्या भाजीचे ताट मिळते, आणि मासे खाणाऱ्यांसाठी तेच ताट मासळीच्या कालवणासह येते.

तर मग हॅवलॉक कोणी निवडावे? पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहण्याची ज्यांची मुख्य इच्छा आहे त्यांनी, कारण डुबकी शिकवणारी केंद्रे तिथे कितीतरी अधिक आहेत आणि एलिफंट बीचही तिथेच आहे. लांबलचक, मऊ वाळूचा, उंच झाडांच्या सावलीचा एकच किनारा पुरेसा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनीही हॅवलॉकलाच जावे. राधानगरला २००४ मध्ये टाइम नियतकालिकाने आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले, २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले, आणि तो खरोखर तसा आहे. इंटरनेटवर ज्यांचे काम अडते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२० मध्ये सुरू झालेली चेन्नईची सागरी केबल हॅवलॉकला पोहोचते, नीलला नाही. या तिन्हींपैकी एकही गरज नसेल, तर दोघांच्या निवांत सुट्टीसाठी मी नि:शंकपणे नील सुचवेन.

महिना निवडताना नाताळ ते नववर्षाचा पंधरवडा टाळावा, कारण तेव्हा दर चढतात आणि शांतता उरत नाही. मे ते सप्टेंबर पावसाचे असतात व समुद्र खवळलेला असतो. फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध सर्वांत सोयीचा वाटतो: समुद्र शांत, हवा कोरडी आणि शाळांच्या परीक्षांमुळे कुटुंबांची गर्दी कमी. खोली ठरवण्यापूर्वी मालकाशी फोनवर बोलून तीन गोष्टी विचाराव्यात: किनारा पायी किती मिनिटांवर आहे, वीज गेल्यास जनित्र आहे का, आणि सायकली तिथेच मिळतात का. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्यावी.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी, यात काटकसर करू नये. पहिल्या खेपेला आमची सकाळची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली आणि दुपारच्या बोटीत जागा मिळेपर्यंत आम्ही धक्क्यावर हवालदिल उभे होतो. त्या राखीव दिवसाची दुपार सेल्युलर जेलसाठी ठेवावी. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. मार्गदर्शकांचे गट पुढे सरकेपर्यंत थांबावे, म्हणजे तिथे काही क्षण दोघांनाच उभे राहता येते.