बॅटरीवर चालणारा टायर इन्फ्लेटर: काय पाहून घ्यावा आणि कसा वापरावा

हातात मावणारा, चार्ज करून ठेवता येणारा टायर इन्फ्लेटर, म्हणजे टायरमध्ये हवा भरणारे छोटे यंत्र, बहुतेक लोक पंक्चरच्या धास्तीने विकत घेतात आणि पंक्चर होईपर्यंत डिकीत ठेवून देतात. प्रत्यक्षात पंक्चर झालेल्या टायरसाठी हे यंत्र बेताचेच काम करते. त्याचा खरा उपयोग होतो तो धडधाकट टायरसाठी, कारण टायर कितीही चांगला असला तरी रबरातून आणि व्हॉल्व्हच्या सांध्यातून हवा सावकाश झिरपत असते आणि महिन्याकाठी साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब असाच निघून जातो. त्यात हवामान बदलले, तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरले, की आणखी सुमारे १ पीएसआय कमी होतो. तीन-चार महिने दुर्लक्ष झाले तर ३३ पीएसआयचा टायर २८ वर येऊन ठेपतो आणि तरीही नजरेला काहीच कळत नाही, कारण रेडियल टायरची खालची बाजू योग्य दाबातही थोडी फुगलेलीच दिसते. ज्या गाड्यांत टायरच्या दाबाचा इशारा देणारा दिवा असतो, त्यांपैकी अनेकांत तो दाब जवळपास एक चतुर्थांशाने घटल्यावरच लागतो. तोपर्यंत टायरच्या कडा झिजू लागलेल्या असतात, इंधन जास्त लागत असते आणि वेगात टायर अधिक तापत असतो.

म्हणून माझ्या मते या यंत्राकडे हवा भरू शकणारा दाबमापक म्हणून पाहावे. खरेदी करतानाही हीच दृष्टी ठेवली तर जाहिरातीतले अर्धे आकडे आपोआप बिनमहत्त्वाचे ठरतात.

त्यातला पहिला आकडा म्हणजे कमाल दाब. खोक्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय छापलेले असते, पण साध्या मोटारीला ३० ते ३६ पीएसआय पुरतात, अरुंद स्टेपनीला अनेकदा ६० लागतात आणि रोड बाइकच्या, म्हणजे वेगवान सायकलच्या, बारीक चाकांना ८० ते १०० च्या आसपास. १५० पर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही. त्यापेक्षा यंत्र मिनिटाला किती लिटर हवा देते हे विचारावे, आणि तेही सावधपणे, कारण हा आकडा बहुधा नळीचे तोंड मोकळे असताना मोजलेला असतो. टायरमधला दाब चढत जातो तसा प्रवाह घटत जातो.

थोडा हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. १९५/६५ आर १५ या मापाच्या टायरच्या पोटात अंदाजे ३० लिटर जागा असते. त्याचा दाब २० वरून ३३ पीएसआयवर न्यायचा, म्हणजे १३ पीएसआय वाढवायचा. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला तर त्यासाठी बाहेरची सुमारे २६ ते २७ लिटर हवा आत ढकलावी लागते. यंत्र दाबाविरुद्ध मिनिटाला खरोखर १० लिटर देत असेल तर हे काम तीन मिनिटांच्या आत होते, आणि ५ लिटरच देत असेल तर पाच मिनिटांहून जास्त लागतात. मोठ्या एसयूव्हीच्या किंवा पिकअपच्या टायरचे घनफळ याच्या दुप्पट असू शकते. अशा गाडीसाठी खिशात मावणारे यंत्र घेऊ नये. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा वायरचा कॉम्प्रेसर किंवा मोठ्या बॅटरीचे यंत्र बरे. वायरच्या कॉम्प्रेसरची बॅटरी ऐन वेळी उतरलेली सापडण्याचा प्रश्नच नसतो, हाही त्याचा गुण आहे. मात्र दुचाकीला, सायकलला किंवा गाडीपासून दूर उभ्या असलेल्या चाकाला तो कामाचा नाही.

बॅटरीच्या बाबतीत मिलिअँपिअर-तासांच्या आकड्यावर विसंबू नये. ३.७ व्होल्टचे आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल एकापुढे एक जोडले तर बॅटरी ७.४ व्होल्टची आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचीच होते. पण दोन्ही सेलची बेरीज करून त्याच बॅटरीवर ५००० असेही छापता येते. ऊर्जा दोन्ही वेळा तितकीच, म्हणजे १८.५ वॉट-तास. त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना वॉट-तास पाहावेत, आणि ते छापलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार स्वतः करावा. चालू असताना यंत्र ८० ते १०० वॉट खेचते असे धरले, तर तीन मिनिटांत सुमारे ५ वॉट-तास खर्च होतात. याचा अर्थ वर सांगितलेली बॅटरी असे बरेच उतरलेले तीन टायर भरेल, चौथ्याची खात्री नाही. दरमहा प्रत्येक चाकात दोन-तीन पीएसआयची भर घालणे हे मात्र तिला सहज जमते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मापक. पडद्यावर अर्ध्या पीएसआयच्या टप्प्याने आकडा दिसतो म्हणून तो अर्ध्या पीएसआयपर्यंत अचूक असतोच असे नाही. यंत्र घरी आणल्यावर एका चांगल्या स्वतंत्र दाबमापकाशी ते ताडून पाहावे. दर वेळी २ पीएसआय जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करून काम भागते. पण कधी १ जास्त तर कधी ३ कमी असे दाखवत असेल तर ते परत करावे. ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबण्याची सोय हवीच. नळी पुरेशी लवचीक आणि निदान वीतभर लांब असावी. स्कूटरच्या लहान चाकांत व्हॉल्व्ह आणि ब्रेकची डिस्क यांच्यामध्ये जागा इतकी थोडी असते की सरळ, ताठ नळी बसतच नाही. तिथे काटकोनात वळलेली जोडणी वेगळी घ्यावी लागते. नोझल, म्हणजे व्हॉल्व्हवर बसणारे नळीचे टोक, आट्यांचे असेल तर घट्ट बसते, पण काढताना थोडी हवा निसटते. खटक्याचे असेल तर झटकन लागते, मात्र त्याची पकड कालांतराने सैल होते. मी आट्यांचे पसंत करतो. चार्जिंगचे छिद्र यूएसबी-सी आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण काही स्वस्त यंत्रे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत आणि त्यांना सोबत दिलेली केबलच लागते. मोबाइल चार्ज करण्याची सोय, रंगीत पडदा वगैरे गोष्टींसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. टॉर्च मात्र असू द्यावा, रात्री व्हॉल्व्ह शोधताना त्याची किंमत कळते.

हवा भरण्याआधी किती भरायची हे माहीत असले पाहिजे. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो भरण्याचा दाब समजण्याची चूक फार सर्रास होते. स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा निराळा, जास्त आकडा दिलेला असतो. लांबच्या प्रवासाला पाच माणसे आणि सामान घेऊन निघताना तो पाहावा.

हे सगळे आकडे थंड टायरचे असतात. गाडी निदान तीन तास उभी असेल, किंवा सावकाश एक-दोन किलोमीटरच चालली असेल, तर टायर थंड समजावा. चालून तापलेल्या टायरचा दाब ४ ते ६ पीएसआयने जास्त दिसू शकतो, आणि तो पाहून कोणी हवा काढली तर टायर थंड झाल्यावर तेवढाच कमी भरतो. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नये. वाटेत भरण्यावाचून गत्यंतर नसेल तर ठरलेल्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावे. एका बाजूच्या चाकांवर ऊन पडत असेल तर त्यांचाही आकडा थोडा चढा दिसतो, तेव्हा सावलीत किंवा पहाटे मोजलेले उत्तम. फक्त यंत्राचा आवाज चांगलाच मोठा असतो, शेजारी झोपलेले असतील तर याचा विचार करावा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी. टायरवर एकदा नजर फिरवावी. खिळा, चीर किंवा फुगवटा दिसला तर पुढे काय करायचे ते वेगळे आहे, आणि ते खाली सांगितले आहे. व्हॉल्व्हचे झाकण काढून खिशात ठेवावे, तोंडावरची धूळ पुसावी आणि नोझल सरळ धरून झपझप आवळावे. आधी थोडा फुसफुस आवाज येतो. नोझल पूर्ण बसले की तो थांबला पाहिजे. थांबला नाही तर आटे तिरके बसले आहेत, काढून पुन्हा लावावे. यंत्र सुरू करताच पडद्यावर टायरमधला सध्याचा दाब दिसतो. तो प्रत्येक चाकाचा कुठेतरी टिपून ठेवावा असा माझा आग्रह आहे, कारण तीन चाके ३१ वर आणि एक २७ वर असेल तर त्या एका चाकात बारीक गळती आहे हे त्यातूनच कळते.

त्यानंतर एकक तपासावे. पीएसआय, बार आणि किलोपास्कल यांच्यात बटण चुकून दाबले जाते. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २.३ बार, म्हणजेच सुमारे २३० किलोपास्कल. आधी ठरवून ठेवलेला दाब अनेक यंत्रे लक्षात ठेवतात, आणि काल सायकलसाठी ८० ठेवले असतील तर आज मोटारीच्या टायरलाही यंत्र ८० च्या दिशेनेच नेऊ लागेल. म्हणून आकडा पाहिल्याखेरीज सुरू करण्याचे बटण दाबू नये, आणि आपोआप थांबण्याची सोय असली तरी यंत्र चालू ठेवून दूर जाऊ नये. यंत्र थांबल्यावर काही सेकंद वाट पाहून स्थिरावलेला आकडा वाचावा; चालू असतानाचा आकडा एखादा पीएसआय इकडेतिकडे असतो. कमी वाटला तर पुन्हा सुरू करावे. हवा दाबली गेली की तापते, त्यामुळे काही मिनिटांनंतर नोझलचा धातू चटका बसण्याइतका गरम झालेला असतो, तेव्हा ते कापडाने धरून झटकन सोडवावे. झाकण लावायला विसरू नये. पुस्तिकेत सलग किती मिनिटे चालवायचे हे दिलेले असते, तेवढे झाल्यावर यंत्राला तितकीच विश्रांती द्यावी. आवाज नेहमीचा असूनही आकडा चढत नसेल तर नोझलचा सांधा, उतरलेली बॅटरी किंवा टायरमधली मोठी गळती, यांपैकी एक कारण असते.

सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये फरक असतो. मोटारी, मोटारसायकली आणि अनेक सायकलींना जाड श्रेडर व्हॉल्व्ह असतो आणि त्याला यंत्र थेट लागते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा टोकाचा छोटा नट आधी सैल करावा, बोटाने एकदा दाबून मोकळा करावा, अडॅप्टर लावावा आणि भरून झाल्यावर नट पुन्हा आवळावा. जुन्या पद्धतीच्या, आत रबराची बारीक नळी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये आतला दाब यंत्रापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सायकलच्या टायरचे घनफळ थोडे असल्याने तो झपाट्याने भरतो, तेव्हा त्याच्या बाजूवरची कमाल मर्यादा आधी वाचलेली बरी. फुटबॉलसाठी सुई ओली करून घालावी. हवेची गादी फुगवायला मात्र हे यंत्र निरुपयोगी आहे. तिला दाब नगण्य आणि हवा प्रचंड लागते.

आता पंक्चर. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा रुतलेला असेल आणि ट्यूबलेस टायरमधून हवा सावकाश जात असेल, तर खिळा तसाच राहू द्यावा, कारण गळती थोपवून धरणारी तीच वस्तू असते. हवा भरून, वेग कमी ठेवून, वाटेत थांबून दाब पाहत दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जावे. टायरच्या बाजूला चीर किंवा फुगवटा असेल तर भरूच नये. टायर पूर्ण बसलेल्या अवस्थेत गाडी काही अंतर चालली असेल तरीही भरू नये. रिमखाली चिरडून बाजूची आतली घडण निकामी झालेली असू शकते आणि बाहेरून ते दिसत नाही. टायरची कड रिमवरून निसटली असेल तर ती पुन्हा बसवायला हवेचा जोरदार झोत लागतो, तो या लहान यंत्राकडे नसतो. अशा सर्व वेळी स्टेपनी लावावी, आणि ती उपयोगी पडावी म्हणून दरमहा मोजताना तिलाही वगळू नये.

बंद मोटारीत कडक उन्हात तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. त्यामुळे यंत्र डॅशबोर्डवर किंवा काचेखाली ठेवू नये. शक्यतो घरात, नाहीतर सीटखाली सावलीत ठेवावे. काम संपल्या संपल्या गरम यंत्र चार्जिंगला लावू नये. बराच काळ वापर होणार नसेल तर बॅटरी अर्ध्याच्या आसपास चार्ज करून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी. आवरण फुगलेले दिसले तर यंत्र न वापरता ई-कचऱ्यात द्यावे.