तळं भरलं, आता बांधाची पाठ बघा

श्रावण सरता सरता कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड, आजरा, पन्हाळा, शाहूवाडीकडची ओढ्यावरची मातीची तळी काठोकाठ भरतात. नद्या पात्रात गेल्या की आपण निर्धास्त होतो. पण तळ्याचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खरा ताण आताच असतो: माती आतून भिजलेली आणि पाण्याचा दाब रात्रंदिवस. भुदरगडमधल्या मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, तेव्हा जुलैचा महापूर ओसरून महिना झाला होता. एका महिलेचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, ओढ्याकाठची शेतं खरवडून निघाली.

म्हणून दसऱ्यापर्यंत रोज सकाळी कुणीतरी बांधाच्या पायथ्यानं चालत जावं. पाण्याकडच्या नव्हे, पाठीमागच्या बाजूनं. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, त्याला घाबरू नका. तो नितळ आहे की गढूळ, ते बघा. आरपार दिसणाऱ्या बाटलीत ते पाणी भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली, तर बांध आतून पोखरला जातोय. धार वाढत असेल, माथा खचला असेल, लांबच्या लांब भेग दिसत असेल, तर वाट बघू नका. पाटबंधारे शाखा, तलाठी, पोलीस पाटील यांना लगेच कळवा आणि ओढ्याकाठच्या घरांना आधी उठवा.

गढूळ धारेच्या तोंडावर काळी माती दाबून ती बुजवायला मात्र जाऊ नका. हे सगळीकडे होतं आणि घात करतं. कोंडलेलं पाणी दुसरीकडून, जास्त जोरानं फुटतं. अधिकारी येईपर्यंत त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, वर दगड असे थर द्या. पाणी निघून जाऊ दे, माती आत राहू दे. धार मोठी असेल तर तिथं थांबूच नका.

सांडवा मोकळा हवा. मासे धरायला लावलेली जाळी, चार बोटं जास्त पाणी साठावं म्हणून रचलेले दगड, अडकलेला पालापाचोळा आजच काढा. जास्तीचं पाणी सांडव्यानंच जायला हवं. ते मातीच्या माथ्यावरून गेलं, तर बांध बघता बघता कापला जातो.

ओल्या बांधावर म्हसरं आणि ट्रॅक्टर नकोत. पायथ्याला लागून नांगरट, चर, विहीर तर कधीच नको. घुशी-खेकड्यांची बिळं दिसली की खुंटी मारून खूण करा. झुडपं कापा, पण मोठी झाडं आता उपटू नका, मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. उन्हाळ्यात तळं खाली गेलं की मुळासकट काढा आणि खड्डे थराथरानं माती टाकून, पाणी मारून, चोपून भरा.