कोकणातल्या थंडीत चीजचा पाट

डिसेंबरअखेर कोकणात पहाटे गारवा असला, तरी दुपारी पारा बऱ्याचदा तीस अंशांच्या वर जातो आणि किनाऱ्यावरचा दमटपणा काही हटत नाही. म्हणूनच नाताळ किंवा नववर्षासाठी आलेल्या पाहुण्यांपुढे चीज मांडायचे असेल, तर दिवस मावळल्यावर मांडावे आणि एकदम सगळे न काढता थोडे थोडे वाढत जावे.

जेवणापूर्वी खाण्यासाठी माणशी ५० ते ६० ग्रॅम चीज पुरते. चेडर आणि गौडा ही घट्ट चीज या हवेत तग धरतात, तर मऊ म्हणून एकटे ब्री पुरे. निळ्या बुरशीचे चीज सर्वांना रुचत नाही. ठेवायचेच असेल, तर वेगळ्या बशीत, स्वतंत्र सुरीसह ठेवावे, नाहीतर त्याचा वास सगळ्यांना लागतो. थंडगार चीजची चव दबलेली असते, म्हणून थंड देशांत ते तासभर आधी बाहेर काढतात. आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, त्यापुढे चेडरला तेल सुटू लागते. ब्री मध्यापासून कडेपर्यंत त्रिकोणी कापावे, म्हणजे प्रत्येकाला सालीचाही वाटा मिळतो. मार्गशीर्षातला गुरुवार पाळणारे कुणी असेल, तर पाकिटावरचा हिरवा ठिपका आवर्जून पाहावा, कारण अस्सल इटालियन पार्मेजानसारख्या चीजमध्ये दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात.

खरी गंमत सोबतच्या पदार्थांत आहे, आणि त्यासाठी महागडे परदेशी जॅम आणण्याचे काहीच कारण नाही. गोड कोकम सरबताचा पाक मंद आचेवर थोडा आटवून ब्रीवर धारेने सोडावा. तो गार झाल्यावर आणखी दाटतो, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवावा. चेडरच्या खारट तिखटपणाला आंबापोळीच्या पट्ट्या शोभतात, गौड्याला वेंगुर्ल्याकडचे शेकलेले काजू, आणि निळ्या चीजला फणसपोळी किंवा मध. पेरूच्या फोडी आणि द्राक्षे भरीला असावीत. नाचणीची बिस्किटे व भाजलेल्या पावाचे तुकडे मात्र पाहुणे बसेपर्यंत डब्यातच ठेवावेत, नाहीतर ती सादळतात.

मांडणीसाठी फणसाच्या लाकडाचा जुना पाट स्वच्छ धुऊन, पुसून घ्यावा. सावंतवाडीचा रंगीत ट्रे असेल, तर रंगावर थेट चीज न ठेवता आधी केळीचे पान अंथरावे. हिमाचा भास आणण्यासाठी कापूस पसरणे मला हास्यास्पद वाटते. त्यापेक्षा किनाऱ्यावरच्या सुरूच्या डहाळ्या, वाळू झटकून, धुऊन, पाटाभोवती ठेवाव्यात. खाद्यपदार्थांना न लावताही त्या नाताळच्या झाडाचा आभास देतात, आणि त्यांवर डाळिंबाचे दाणे भरलेली एखादी वाटी टेकवली की लाल-हिरवा रंगही साधतो.

दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेले ब्री पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये. पाटावर न आलेले चेडर आणि गौडा मेणकागदात गुंडाळून ठेवले, तर सकाळच्या पावावर किसून भाजता येतात.