बनावट फोटो पसरला? घाईतल्या या चुका टाळा

चवथीला भाचीने गणपतीवरच्या माटोळीखाली उभं राहून फोटो काढला होता, केसांत अबोलीची फाती, म्हणजे गजरा. दोन महिन्यांनी तोच चेहरा भलत्याच उघड्या अंगावर चिकटवून कॉलेजच्या ग्रुपवर आला. फाती मात्र जशीच्या तशी. घरात हुकूम सुटला, "आधी ते डिलीट करायला सांग!"

पहिली चूक हीच. पाठवणाऱ्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की हाताशी काही उरत नाही. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. इन्स्टावर किंवा टेलिग्रामवर असेल तर पोस्टची पूर्ण लिंकही ठेवा, प्रोफाइलचं नाव क्षणात बदलता येतं. मूळ फोटोही जपा. आम्हाला तो फातीमुळेच सापडला, आणि कुणाकुणाला दिसत होता तेही कळलं. मुलगी 18च्या आतली असेल तर मात्र चित्र साठवू नका, लिंक घेऊन पोलीस गाठा. 2019च्या दुरुस्तीपासून संगणकावर बनवलेलं हुबेहूब चित्रही पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, येतं.

मामांनी तर "बघा, खोटा आहे" म्हणत तो चार नातेवाइकांना फॉरवर्ड केला! अहो, खोटा आहे हे गावाला पटवून काय होणार? अश्लील चित्र पसरवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली गुन्हा, लैंगिक कृत्य असेल तर 67ए. चित्र बनावट आहे म्हणून सुटका नाही.

पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

1930 हा सायबर हेल्पलाइनचा, मुख्यतः पैसे लुबाडल्यावरचा नंबर. फोटोची तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर करा, किंवा गोव्यात असाल तर रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात. जवळच्या ठाण्यात "ही आमची हद्द नव्हे" ऐकवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी तक्रार. आम्ही ते ऐकून निमूट परत आलो होतो. सज्ञान व्यक्तीसाठी असे फोटो पसरणं रोखणारी स्टॉप एनसीआयआय ही ऑनलाइन सेवाही आहे: फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांना जातो.

आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका. वन्संनी भाचीचा फोन आठ दिवस कपाटात बंद ठेवला. उघडला तेव्हा मैत्रिणींनी पाठवलेल्या दोन लिंका त्यात पडून होत्या, आणि पहिल्याच दिवशीचा एक मेसेज: "हे कुणी केलं ते मला माहीत आहे, फोन कर."