कोकणात धंद्याच्या ओळखी टिकत नाहीत? मग या चुका टाळा

होमस्टे असो, आंबा-काजूची बाग असो, कोकम-आगळाचा (कोकमाच्या घट्ट रसाचा) घरगुती उद्योग असो की तारकर्लीतली बोट, किनाऱ्यावर कुठेही गेलं की तक्रार साधारण एकच ऐकू येते. ‘रीलला व्ह्यूज भरपूर येतात हो, पण गिऱ्हाईक काही बांधलं जात नाही.’ लहान धंदेवाल्यांची इन्स्टा-फेसबुकची पानं सांभाळायचं काम मी करतो. या तक्रारीच्या मुळाशी कॅमेरा किंवा एडिटिंग क्वचितच असतं. फोनवरून ओळख होते, पण पुढे ती कुणी सांभाळायची, कशी सांभाळायची, याचा घरात कुणी विचारच केलेला नसतो.

सीझनपुरतीच आठवण

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शिमगा झाला की आंब्याच्या पेट्यांचे फोटो सुरू होतात आणि मे संपला की पान गप्प. जून ते ऑक्टोबर एक पोस्ट नाही. मग दिवाळीच्या तोंडावर एकदम ‘बुकिंग सुरू! त्वरा करा!’. पुण्याचं कुटुंब तोवर दुसरीकडे ॲडव्हान्स भरून मोकळं झालेलं असतं. वर्षातून दोन महिने बोलणारा माणूस गरजेपुरता बोलतो, हे गिऱ्हाइकालाही कळतं.

‘पावसात दाखवायचं काय?’ असं विचारणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. लावणी, टाकळा-भारंगी-फोडशीची भाजी, चुलीवर फुगणारी भाकरी, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या. शहरातला माणूस यासाठी जीव टाकतो. आणि पावसातच काही गोष्टी आपणहून सांगायला हव्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजं पापलेट’ असा बोर्ड लावणाऱ्या खानावळीचं नाव एकदा गेलं की गेलं. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘बंदी आहे, मोठी मासळी नाही. खाडीत मिळेल ते, नाहीतर सुका बांगडा, सुकटाची चटणी आणि कुळथाची पिठी.’ हे वाचून जो येतो तो पिठी खायलाच येतो आणि जाताना तक्रार करत नाही.

आंब्यावाल्यांनी तर नोव्हेंबरपासून बोलायला लागावं. मोहोर आला, फवारणी झाली, अवकाळी पाऊस पडला आणि करपा रोग आला, तुडतुडा ही कीड दिसली, कणी (बारीक फळं) धरली, हे सगळं महिना-दोन महिने ज्याने पाहिलंय तो मार्चमधल्या पहिल्या पेटीचा भाव ऐकून ‘एवढा कसा?’ असं विचारत नाही. आणि माल पंधरा दिवस लांबणार असेल तर ते गिऱ्हाइकाने फोन करायच्या आधी तुम्ही सांगा. उशीर लोक समजून घेतात. तीन वेळा फोन करूनही उचलला नाही, हे मात्र विसरत नाहीत.

व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच दवंडी

पाहुणे गेले की त्यांचा नंबर न विचारता ग्रुपमध्ये टाकायचा आणि रोज सकाळी सूर्यफुलाच्या फोटोवर ‘शुभ सकाळ’ पाठवायची, असा एक रिवाज झालाय. लोक लाजेकाजेस्तव ग्रुप सोडत नाहीत, म्यूट करून ठेवतात. मग खरा निरोपही कुणी वाचत नाही.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करतात त्यांची अडचण वेगळी असते. ‘मी सगळ्यांना पाठवतो, पण दहा जणच उत्तर देतात.’ याचं कारण बहुतेकदा साधं असतं. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. शिवाय एका लिस्टमध्ये २५६ च्या वर माणसं बसत नाहीत. म्हणून पहिला मेसेज एकेकट्याला, नावाने जावा आणि त्यात ओळखीचा धागा असावा:

‘नमस्कार कुलकर्णी काकू. पुण्यात आंबा महोत्सवात आपण भेटलो होतो, तुम्ही पायरी आंब्याची चौकशी केली होतीत. मी गुहागरचा बागायतदार. नंबर सेव्ह करून ठेवा, पायरी उतरली की कळवतो.’

आणि उतरली की खरंच कळवा. आपल्याकडचं ‘बघतो, सांगतो’ हे नकाराचं सभ्य रूप आहे. गावात ते सगळ्यांना कळतं. ठाण्याच्या माणसाला कळत नाही, तो वाट बघत बसतो. जमणार नसेल तर ‘या आठवड्यात जमणार नाही’ एवढं लिहायला काय जातं?

भावाचंही तसंच. ‘किंमत इनबॉक्स’ लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. आंब्याचा भाव रोज हलतो हे मान्य. मग तारीख घालून लिहा: आजचा भाव, पेटी किती डझनाची, फळ केवढं, पोचवण्याचा खर्च आत की बाहेर.

ब्लॉगवर ‘निळाशार समुद्र’ आणि पुढे काही नाही

‘निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, मनमिळाऊ यजमान.’ कोकणातल्या हव्या त्या होमस्टेच्या पानावर ही ओळ सापडेल आणि यातून कुणालाच काही कळत नाही. ब्लॉग लिहिणं म्हणजे साहित्य करणं अशी एक भीती असते, त्यातून हे असले शब्द येतात. त्याची काही गरज नाही. पाहुणे फोनवर जे विचारतात तेच लिहा. खेड स्टेशनावर पहाटे उतरलो तर दापोलीला यायला काय मिळेल? गुहागर आणि दापोली एकाच सहलीत होतं का? (होतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीही चढते. पण शेवटची फेरी चुकली तर चिपळूणवरून भलामोठा वळसा पडतो, आणि नकाशावर दिसणारी वेळ घाटात खरी ठरत नाही.) वाडीत रेंज कुठल्या कंपनीची येते? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? आजीला कमोड लागतो, आहे का? समुद्राच्या दहा फोटोंपेक्षा बाथरूमचा एक स्वच्छ फोटो जास्त बुकिंग आणतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान मुलं नाहीतर म्हातारी माणसं बरोबर घेऊन निघालेल्या कुठल्याही बाईला विचारून बघा.

जे आपल्या हातात नाही त्याची हमी मात्र लिहू नका. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, पण तुमच्या शनिवारी अंड्यातून पिल्लं बाहेर येतील की नाही हे ठरवणारे तुम्ही-आम्ही कोण? ‘दिसली तर नशीब, नाही दिसली तर सकाळचा किनारा आहेच’ असं लिहिलंत तर पाहुणा चिडत नाही.

वेळेवर दिलेली बातमी हाही संबंधच असतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तिथी ठरलेली नसते, कौल घेऊन तारीख ठरते. तारीख जाहीर झाली त्याच संध्याकाळी मालवण-कणकवलीच्या होमस्टेवाल्याने मागच्या वर्षीच्या पाहुण्यांना मेसेज टाकावा. तेव्हा विकायचं काही नाही, फक्त कळवायचं. खोली कुणाकडे मागायची ते त्यांचं ते ठरवतात.

शेजाऱ्याचं नाव घ्यायला लाज

ऑनलाइन ओळखींच्या नादात हे सुटतं आणि माझ्या मते नुकसान इथेच जास्त होतं. ‘भरलंय’ म्हणून फोन ठेवला की तो पाहुणा तुमच्या हातून तर गेलाच, अख्ख्या गावाच्या हातूनही गेला. त्यापेक्षा, ‘आमच्याकडे जागा नाही, पण बाजूच्या वाडीत वहिनींकडे दोन खोल्या आहेत, स्वच्छ आहेत, नंबर देऊ?’ असं म्हणा. पुढच्या वेळी पाहुणा आधी तुम्हालाच फोन करतो, आणि वहिनींकडे गर्दी झाली की त्या तुमच्याकडे पाठवतात. वेळाससारख्या गावात कासवं बघायला आलेल्या माणसांची सोय घराघरांत होते. तिथे एकाच घरात रांग आणि बाकीची घरं रिकामी असं चालूच शकलं नसतं.

कमिशन घ्यायचं असेल तर घ्या, त्यात वावगं काही नाही. पण आकडा आधी बोला. ‘आपल्यात काय, बघू नंतर’ या वाक्याने किनाऱ्यावरच्या कितीतरी मैत्र्या मोडल्यात.

ब्लॉगवर आणि रीलमध्ये शेजाऱ्यांना नावानिशी टॅग करा: सोलकढी करणाऱ्या ताई, स्टेशनवरचे रिक्षावाले दादा, सोड्यांसाठी (सुक्या कोळंबीसाठी) प्रसिद्ध असलेलं घर. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलावाला रोज उभा राहणारा आणि पैसे वेळेवर देणारा खानावळवाला बघा. चांगली सुरमई आली की त्याला हाक जाते. त्याने तिथल्या मावशींचा, त्यांना विचारून, एखादा चांगला फोटो टाकला आणि त्यांच्या मुलीला पाठवला, तर ती पोस्ट कुणी बघो न बघो, बंदरावर बोलणं होतंच.

गणपतीत विक्री

चाकरमानी आठ-दहा दिवस गावात असतात, म्हणून काहीजण आरती संपायच्या आत कॅटलॉग काढतात. नका काढू. मुंबईकराशी त्या दिवसांत फक्त गप्पा मारा आणि एवढंच विचारा की सोसायटी केवढी आहे, आंबे सध्या कुणाकडून येतात. डोंबिवली-ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतो: लोक त्याच्याकडे नावं देतात, पेट्या त्याच्या पार्किंगमध्ये उतरतात, पैसेही तोच गोळा करतो. तो माणूस जोडला गेला तर एका टेम्पोची सोय झाली. त्याला फुकट पेटी देताना लपवाछपवी नको. बाकीच्यांना कळलं की तोही अडचणीत येतो. त्यापेक्षा सगळ्या सोसायटीला एकच भाव आणि त्याच्या हातात तक्रार सोडवायचा अधिकार द्या: ‘खराब निघालेलं फळ तुम्ही सांगाल तेवढं, न विचारता बदलून.’

प्रदर्शनांत दुसरंच दिसतं. पणन मंडळाचा पुण्यातला आंबा महोत्सव असो की बचत गटांचा स्टॉल, संध्याकाळी मूठभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन माणूस घरी येतो आणि ती पिशवीत राहतात. कार्ड हातात पडलं की मागे पेनाने दोन शब्द लिहा: ‘हॉटेल, कोकम आगळ, पाच लिटरचा कॅन’. दोन दिवसांत फोन करा. हॉटेलवाला खरेदीदार असेल तर तो तीनच गोष्टी बघतो: चव, सातत्य, कागद. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, तारीख आणि तुमचा फोन नंबर असू द्या. बिनलेबलची बाटली चवीला कितीही छान असली तरी हॉटेलच्या स्टोअरमध्ये शिरत नाही.

फुकट राहायला आलेला इन्फ्लुएन्सर

याबद्दल थोडक्यात. फॉलोअर किती यापेक्षा त्याच्या पोस्टखाली लोक काय विचारतात ते वाचा. नुसते बदाम (हार्टचे इमोजी) दिसले तर सोडून द्या. ‘रस्ता कसा आहे, भाडं किती’ असे प्रश्न दिसले तर बोला. किती रात्री, किती रील, कधीपर्यंत, हे मेसेजवर लिहून घ्या. राहणं-जेवण फुकट असेल तर पोस्टमध्ये ते उघड सांगायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फुकटातलं कौतुक न सांगता केलेलं असेल तर ते उघडं पडायला वेळ लागत नाही.

तक्रारीवर भांडण, नाहीतर मौन

आंब्यात साका, म्हणजे आतला पांढरा-आंबट गर, निघाला. गिऱ्हाइकाने कापलेल्या फळाचा फोटो टाकून लिहिलं, ‘फसवणूक’. आता बागायतदार चिडून लिहितो, ‘आमची चौथी पिढी या धंद्यात आहे, तुम्हाला आंब्यातलं काय कळतं?’ पिढ्या खऱ्याच असतील, पण हे वाचणारे बाकीचे गिऱ्हाईक निघून जातात.

साका बाहेरून दिसत नाही. हे पेटी पाठवतानाच सांगायचं असतं, चिठ्ठीवर दोन ओळींत: गवतात ठेवा, फ्रिज नको, एखादं फळ आतून पांढरं-आंबट निघालं तर फोटो पाठवा, भरून देऊ. तरी तक्रार आलीच तर चारचौघांत एकच ओळ लिहा, ‘माफ करा, फोन करतो’, आणि खरंच फोन करा. प्रश्न सुटल्यावर खाली एवढंच टाका: ‘दोन फळं बदलून दिली.’ गूगलवर चांगला शेरा द्या म्हणून सवलत देऊ नका. ते गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि एकाच आठवड्यात आलेले ‘खूप छान’ लोकांना ओळखता येतात.

नावाचाही प्रश्न असतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोकणातले पाच जिल्हे येतात. ते चिन्ह वापरायचं तर आधी नोंदणी करावी लागते. शेजारच्या तालुक्याचा माल ‘देवगड’ म्हणून खपवणारा एक हंगाम कमावतो. सोसायटीतल्या त्या माणसाला फरक कळला की पुढच्या वर्षी टेम्पो दुसऱ्याच्या दारात थांबतो.

खाती कुणाच्या हातात?

शेवटी एक रटाळ पण नेहमीची अडचण. पान पुतण्याने काढलं, त्याच्याच नंबरावर. पुतण्या पुण्याला नोकरीला गेला, सिम बदललं, आता लॉगिनचा कोड कुणालाच येत नाही आणि पानावर २०२१ चे दर तसेच झळकतायत. खातं धंद्याच्या नंबरावर आणि ईमेलवर घ्या, पासवर्ड घरातल्या दोघांकडे असू द्या. फेसबुकवर धंदा वैयक्तिक प्रोफाइलवर चालवू नका. तिथे ५००० मित्रांवर गाडी अडते, पेज उघडा. आणि गूगल मॅपवरची खूण स्वतः दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. वाडीत घराची खूण शंभर पावलं जरी चुकली तरी रात्री दहाला पाहुण्यांची गाडी कुणाच्या तरी गोठ्यासमोर उभी राहते आणि फोनला रेंज नसते. खूण हलवायला पाच मिनिटं लागतात. ‘पिंपळाकडून डावीकडे, पिवळं फाटक’ असा रस्ता सांगणारा आवाजी मेसेज रेकॉर्ड करून ठेवा आणि पाहुणे घरून निघायच्या आदल्या दिवशी पाठवा.