छोट्या स्पीकरला किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर?

खोक्यावरचा पीएमपीओ आकडा (क्षणभराच्या कमाल पॉवरचा फुगवलेला आकडा) विसरा. आरएमएस वॉट (सतत मिळणारी खरी पॉवर), ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॉटला किती मोठा आवाज) पाहा. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा ८ ओहमचा स्पीकर १ वॉटवर १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. वॉट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात, म्हणजे १६ वॉटला ९८. दहा बाय बाराच्या खोलीत हे भरपूर झालं! त्यामुळे थोडी मोकळीक धरूनही दर चॅनलला, म्हणजे दर स्पीकरला, ३० ते ५० वॉट आरएमएस पुरतात. १० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पार शेवटपर्यंत पिळला की सिग्नलची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि बिचाऱ्या ट्वीटरची (बारीक, उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) कॉइल आधी जळते. फाटल्यासारखं वाटताच व्हॉल्यूम कमी करा. ४ ओहमचे स्पीकर असतील तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४ ओहम लिहिलंय का, हे आधी बघाच. ते तेवढ्याच व्हॉल्यूमला जवळपास दुप्पट करंट ओढतात आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापून उडू शकतात.